समजा, शिडीवर कोणी नाही

माझे सासरे दहावीच्या गणिताला बसले तेव्हा चौपन्न वर्षांचे होते, आणि त्यांची शिकवणी माझ्या गळ्यात पडली. मी शाळेत गणित शिकवते. घरात गणिताची बाई असताना बाहेर क्लास लावला तर लोक काय म्हणतील, असं सासूबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करून दिलं. माझा नवरा लांबच्या एका पुलाच्या कामावर होता. त्याने फोनवर "तुम्ही दोघं बघून घ्या" म्हणून अंग काढून घेतलं. ज्या माणसाला मी आठ वर्षांत "बाबा, चहा ठेवू का" यापलीकडे फारसं काही विचारलं नव्हतं, त्याच्या वहीवर आता मला लाल पेनाने फुल्या मारायच्या होत्या. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला मजा आली.

बाबा अग्निशमन दलात होते आणि त्यांचं काम शिडीचं. दलात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे, सगळे शिडीमास्तर म्हणत. नव्याने भरती झालेल्या पोरांना शिडी उचलायला, लावायला, चढायला आणि मुख्य म्हणजे न घाबरता उतरायला त्यांनी बावीस वर्षं शिकवलं. मोजपट्टी त्यांनी कधी वापरली नाही. शिडीच्या पायाशी बुटांची टोकं टेकवायची, ताठ उभं राहायचं, हात सरळ समोर धरायचे. तळवे पायरीवर आरामात पोचले तर शिडी बरोबर. पुढे वाकावं लागलं तर पाय फार बाहेर, कोपर दुमडावं लागलं तर फार आत. एवढंच त्यांचं शास्त्र. आमच्या घरी बल्ब बदलायला कुणी शिडी लावली, तर बाबा हातातलं ताट ठेवून उठायचे, हात पसरून शिडीसमोर उभे राहायचे आणि काही न बोलता ती चार बोटं सरकवून परत जेवायला बसायचे.

मग दलात नवे साहेब आले. तिशीतले, सभ्य, कडक इस्त्रीचे. आल्या आल्या त्यांनी कपाटातली सगळी जुनी पत्रकं वाचून काढली. आधीच्या एकाही साहेबाने हे केलं नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच सगळं सुरळीत चाललं होतं. एका पत्रकात लिहिलं होतं की प्रशिक्षक किमान दहावी असावा, गणितासह. बाबांची दहावी अडतीस वर्षांपूर्वी गणितात अडकली होती आणि तिथेच राहिली होती.

"तुमच्याबद्दल मला फार आदर आहे," साहेब त्यांना म्हणाले आणि त्याच आदराने त्यांनी शिडीचा तास बाबांकडून काढून एका पदवीधराकडे दिला. पदवीधर चांगला मुलगा होता. तो खोलीत पडदा लावून शिडीची चित्रं दाखवायचा. पोरं खुर्चीवर बसून शिडी शिकायला लागली. बाबांना एक वर्षाची मुदत मिळाली. तोवर पास झाले तर तास परत त्यांचा. नाही झाले तर पडद्याचा तास कायमचा आणि बाबा होज पाइपांच्या कोठारात, गुंडाळ्या मोजायला.

हे सगळं त्यांनी घरी एका वाक्यात सांगितलं. "सूनबाई, मला गणित शिकव. पोरं पडतील."

घरी राहून परीक्षा देणाऱ्यांसाठी एक केंद्र होतं. तिथे दोन गृहपाठाच्या वह्या भरून द्यायच्या, प्रत्येकीला दहा मार्क. लेखी परीक्षा ऐंशी मार्कांची. सगळं मिळून पस्तीस पडले की पास. पस्तीस म्हणजे काहीच नाही, मी बाबांना म्हटलं. माझ्या वर्गातलं सगळ्यात मठ्ठ पोरगंसुद्धा पस्तीस काढतं. हे वाक्य मला पुढे सहा महिने पुरलं.

पहिल्या वहीतलं पहिलंच उदाहरण असं होतं : दहा मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली असता जमिनीशी पंचेचाळीस अंशांचा कोन करते, तर शिडीचे खालचे टोक भिंतीपासून किती अंतरावर आहे? मला वाटलं, वा, त्यांच्या आवडीचंच आलं. बाबांनी आकृती काढली नाही, सूत्र लिहिलं नाही. एका फटक्यात लिहिलं : अडीच मीटर.

"बाबा, हे कुठून आलं?"

"लांबीचा चौथा हिस्सा. दहाचा चौथा हिस्सा अडीच."

"पण पंचेचाळीस अंश दिलेत ना."

"दिलेत. चुकीचे दिलेत."

मी त्यांना समजावलं की गणितात दिलेली माहिती खरीच धरायची असते. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अगं, पंचेचाळीसवर शिडी उभीच राहणार नाही. माणूस मध्यावर पोचायच्या आत पाय निसटेल. आगीच्या ठिकाणी पाणी असतं. जमीन कायम ओली. हे कुणी लावलंय?"

"कुणीच नाही लावलं, बाबा. पुस्तकात आहे."

"मग पुस्तकात कुणी लावलंय?"

पुढच्या शिडीला तीस अंशांचा कोन होता. ते वाचून बाबांनी वही मिटली आणि गच्चीवर जाऊन फेऱ्या मारून आले.

त्या वहीत शिडीची तीन उदाहरणं होती. तिन्हींत बाबांनी आधी शिडी नीट लावली आणि मग उत्तर काढलं. उत्तरं त्यांच्या शिडीला अगदी बरोबर होती, पुस्तकातल्या शिडीला साफ चूक. वाऱ्याने मोडलेल्या झाडाचं एक होतं, शेंडा जमिनीला टेकलाय, झाडाची मूळ उंची काढा. तिथे त्यांनी वर ठळक अक्षरात लिहिलं : "रस्ता आधी दोन्ही बाजूंनी बंद करावा." आणि खाली उंची काढली. उंची बरोबर आली. दीपस्तंभावरून दिसणाऱ्या दोन बोटींमधलं अंतर मात्र त्यांनी चुटकीसरशी काढून टाकलं. बोटी त्यांच्या खात्यात येत नव्हत्या.

केंद्रावरच्या सरांनी दहापैकी चार दिले आणि शेवटच्या पानावर शेरा मारला : दिलेली माहिती वापरावी. बाबांनी तो शेरा कार्यालयीन पत्रासारखा दोनदा वाचला आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं : "माहिती देणाऱ्याने स्वतः कधी शिडी लावली आहे काय?" आणि मला न विचारता वही परत पाठवून दिली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नऊ वर्षं पोरांना ओरडते, पण सासऱ्यांना ओरडायची माझी पहिलीच वेळ. "बाबा, ही शिडी नाहीये! ही एक रेघ आहे! भिंत म्हणजे रेघ, जमीन म्हणजे रेघ, शिडी म्हणजे रेघ. तीन रेघा, एक त्रिकोण. संपलं!"

"मग रेघ म्हणा ना," बाबा म्हणाले. "शिडी कशाला म्हणता?"

मी लाल पेनाला टोपण लावलं. सासूबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या मागे न बघताच म्हणाल्या, "ऐका हो जरा तिचं. घरात शिडी लावताना कुणाचं ऐकत नाही ते नाहीच. निदान कागदावर तरी ऐका."

दोन आठवडे असेच गेले. मी साइन-कोसाइनचे तक्ते फ्रीजवर चिकटवले, ते बाबांना चार दिवसांत तोंडपाठ झाले. सूत्रं पाठ, बेरजा बिनचूक, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पण शिडी आली की घोडं तिथेच अडायचं. मुदतीतले चार महिने संपले होते. पदवीधराची पहिली तुकडी पडद्यावर शिडी शिकून बाहेर पडत होती, आणि बाबा ड्युटीवरून आले की त्या पोरांबद्दल चकार शब्द काढत नसत. त्यावरून आम्हाला काय ते कळायचं.

शेवटी वाट सापडली ती चुकून. एका सांख्यिकीच्या उदाहरणात मी "समजा, गृहीत मध्य पंचवीस" असं लिहिलं, तेव्हा बाबांनी विचारलं, "समजा म्हणजे? तो खरा आहे का पंचवीस?"

"नाही. आपण धरायचा. गणितात समजा म्हटलं की काहीही धरता येतं."

"काहीही?"

"काहीही."

बाबांनी त्या शब्दाखाली रेघ मारली. मग त्यांनी वही ओढली, शिडीचं एक उदाहरण काढलं, साठ अंशांचं, आणि आधी एक ओळ लिहिली : "समजा, शिडीवर कोणी नाही." त्यानंतर आकृती, सूत्र, किंमत, उत्तर, एकक. तीन मिनिटांत. बरोबर. पुढची शिडी, बरोबर. त्याच्या पुढची, बरोबर. मी खुर्चीत मागे टेकून बघत राहिले. रिकाम्या शिडीबद्दल बाबांची काहीच तक्रार नव्हती. ती हवी तशी पडू दे.

मग तर सपाटाच लागला. "समजा, झाडाखाली कोणी नाही." "समजा, मनोरा रिकामा केला आहे." दुसऱ्या वहीत प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर अशी ओळ होती, आणि सरांनी प्रत्येक ओळीवर लाल पेनाने "अनावश्यक" लिहून सगळ्यांचा मिळून एकच मार्क कापला होता.

त्याच वहीत एक उपक्रम होता. आपल्या कामाच्या ठिकाणची तीस नोंदींची माहिती जमवा आणि तिचा मध्य, मध्यक आणि बहुलक काढा. मी म्हटलं, सोपं घ्या, कॅन्टीनमध्ये रोज किती चहा जातो ते मोजा. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी दलाच्या कार्यालयातून गेल्या तीस वर्षांतले शिडीचे अपघात लिहून आणले, दर वर्षाचे किती. तक्ता बघायला फारच सोपा होता. एकोणतीस वर्षं शून्य. एका वर्षी, एकोणीस वर्षांपूर्वी, एक.

तो एक म्हणजे कोण, हे मला माहीत होतं. बाबांचा जुना जोडीदार. तो शिडीवरून पडला, पाठीचा कणा दुखावला, वर्षभर अंथरुणावर होता. नंतर दलाने त्याला टेलिफोनच्या खोलीत बसवलं, आणि तेव्हापासून तो फोनवाला झाला. काठी टेकत चालतो. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येतो, बाबांच्या समोर बसतो, दोघं पेपर वाटून घेतात आणि तासभर एकमेकांशी काही बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात, एवढी मैत्री मी कुठे पाहिली नाही.

बाबांनी नियमाप्रमाणे सगळं केलं. मध्य, शून्य पूर्णांक शून्य तीन. तीसही आकडे चढत्या क्रमाने मांडले, अगदी एकोणतीस शून्यं एका ओळीत, आणि मधला काढला. मध्यक शून्य. सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, बहुलक, शून्य. उत्तरांखाली दुहेरी रेघ मारली.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर."

"मध्यक शून्य, बहुलक शून्य." बाबा पेनाला टोपण लावत म्हणाले, "म्हणजे तो पडलाच नाही म्हणायचा."

मी म्हटलं, मध्यात तरी तो आहे, शून्य पूर्णांक शून्य तीन. हे बोलल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. साहेबांच्या वार्षिक अहवालात हाच आकडा होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी तो कौतुकाने छापला होता. केंद्रावरच्या सरांनी उपक्रमाला पूर्ण मार्क दिले आणि शेजारी लिहिलं : उत्तम. वहीचे दहापैकी नऊ आले. आधीचे चार धरून तेरा. आता ऐंशीपैकी बावीस हवे होते.

लेखी परीक्षेला दोन आठवडे उरले तेव्हा मी एक शहाणपणा केला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी बाबांना सांगितलं, परीक्षेत ती "समजा" ची ओळ लिहायची नाही. तपासणारा सरांसारखा भला नसेल. भलतंसलतं लिहिलं म्हणून अख्खं उदाहरण कापेल, वेळही जाईल.

"मग?"

"मनात म्हणा. कागदावर फक्त गणित."

बाबांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडून तसं वचनच घेतलं. त्यांनी मला कधी तोंडावर नाही म्हटलेलं नव्हतं, आणि दिलेला शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती. हे मला माहीत होतं आणि त्याचाच मी फायदा घेतला.

परीक्षेच्या दिवशी ते दुपारी दोनला घरी आले. बूट काढले, पाय धुतले, टेबलाशी येऊन बसले. पेपर घडी घालून खिशात होता. मी तो काढून घेतला आणि शिक्षिकेच्या घाईने बघायला लागले. हे आलं का, ते आलं का. सांख्यिकी बऱ्यापैकी गेली होती. बोट एक आली होती, ती सुटली होती. मग चौथा प्रश्न आला, चार मार्कांचा.

इमारतीच्या खिडकीत एक मूल अडकले आहे. अग्निशमन दलाचा जवान बारा मीटर लांबीच्या शिडीवरून चढून त्याच्यापर्यंत पोचतो. शिडी जमिनीशी साठ अंशांचा कोन करत असेल, तर खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे?

"मनातसुद्धा म्हणता येईना," बाबा म्हणाले. "शिडीवर माणूस आहे. छापलाय."

"सोडून द्यायचं ना मग!"

"अगं, वर पोर आहे खिडकीत. कसं सोडू?"

सासूबाई भांडी घासत होत्या, त्यांचा हात थांबला. मी विचारलं, मग काय केलंत. बाबांनी सांगितलं की ते त्या एका उदाहरणापाशी पाऊण तास बसले. आधी त्यांनी शिडी नीट लावून बघितली. बारा मीटरची शिडी नीट लावली तर खिडकीच्या मीटरभर वर जाते, म्हणजे चार पायऱ्या खाली ओढून घ्यायची, पाच मिनिटांचं काम. पण ते उत्तर पुस्तकाचं नव्हतं. वेळ संपत आला तेव्हा त्यांनी पुस्तकाचं उत्तर लिहिलं. सहा गुणिले तीनचं वर्गमूळ, दहा पूर्णांक एकोणचाळीस मीटर. खाली दुहेरी रेघ.

"बरोबर आहे," मी म्हटलं. मला हायसं वाटलं होतं. "बाबा, एकदम बरोबर आहे!"

"चढवला मी त्याला," बाबा म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. बाबा हसले नाहीत.

"सूनबाई, तो पडला तेव्हाची ती शिडी मी लावली होती." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "भिंतीला लागून एक गाडी उभी होती. शिडीचा पाय आत घेता येईना. हात पुढे धरले, पायरीला पोचायला वाकावं लागलं. मला दिसत होतं. तो म्हणाला, चालेल का? मी म्हटलं, चालेल. चढ." मग ते म्हणाले, "साठच असतील अंश. आज परत म्हटलं, चालेल."

मी आठ वर्षं या घरात होते. सासूबाई चौतीस. त्यांनाही हे माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. ओले हात पदराला पुसून सासूबाईंनी बाबांसमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मला मात्र रडू आलं, आणि रडताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की ती ओळ लिहू नका असं सांगणारी मीच.

निकाल लागला. गृहपाठाचे तेरा, लेखीचे चोवीस. सदतीस. शेजारपाजारचे येऊन अभिनंदन करून गेले. नवऱ्याने फोनवर दोन मिनिटं नुसता आनंदाने आरडाओरडा केला. मी सवयीने सदतीसमधून त्या शिडीचे चार वजा केले, तेहतीस. नापास. बाबांकडे बघितलं तर ते गुणपत्रिका हातात धरून ओठ हलवत होते. त्यांनीही तेच केलं होतं.

साहेबांनी शब्द पाळला. ते माणूस म्हणून वाईट नव्हतेच. सोमवारी सकाळी शिडीचा तास परत बाबांकडे आला, आणि आदल्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "उद्या शाळेला सुट्टी टाक. तास बघायला ये."

"मी कशाला?"

"गणित तुझं आहे."

दलाच्या मागच्या आवारात सरावाची भिंत आहे, चार मजली, नुसत्या खिडक्यांची, आत खोल्या नाहीत. वीस पोरं रांगेत उभी होती. त्यात पडद्यावरून शिकलेलीही होती. साहेब आणि पदवीधर बाजूला. टेलिफोनच्या खोलीची खिडकी त्या आवारातच उघडते, तिथे फोनवाला बसलेला. मी दाराशी उभी राहिले, कशाला आले असं वाटत.

बाबांनी आधी होज लावून फरशी ओली करून घेतली. मग खिशातून घडी घातलेला पेपर काढला आणि एका पोराला चौथा प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला. पोराने वाचला. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, उत्तर?"

बाई! आठ वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "सहा गुणिले वर्गमूळ तीन. दहा पूर्णांक एकोणचाळीस."

"मला याचे चारपैकी चार मिळालेत," बाबा पोरांना म्हणाले. "त्याच्यावरच मी पास झालोय. आता लावा ही शिडी. अगदी पेपरात आहे तशी."

बारा मीटरची शिडी साठ अंशांत लावायची तर पाय भिंतीपासून सहा मीटर लांब येतो. पोरांनी सहा मीटर मोजून लावली. लांबून ती छान दिसत होती, पुस्तकातल्यासारखीच. खाली वाळूची एक गोणी होती. बाबांनी दोर वरच्या खिडकीतून ओवून घेतला आणि गोणी शिडीवरून हळूहळू वर ओढायला सांगितली. सगळे लांब उभे. गोणी पहिल्या मजल्यापाशी आली, काही झालं नाही. पदवीधर साहेबांच्या कानात काहीतरी बोलला. दुसऱ्या मजल्याच्या वर गेली आणि शिडीचा पाय नुसता सुर्रकन सुटला. आवाज एवढा झाला की रस्त्यावरची माणसं फाटकाशी गोळा झाली. गोणी फुटली. ओल्या फरशीवर वाळू पसरली.

मग पुढच्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, "मास्तर, पण उत्तर तर बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," बाबा म्हणाले. "आता हे विचार, की शिडी कुणी लावली होती."

पोरगं गोंधळलं. "आम्हीच लावली ना, मास्तर."

"आजची नाही. एकोणीस वर्षांपूर्वी या दलातला एक माणूस असाच पडला. अहवालात तो शून्य पूर्णांक शून्य तीन आहे. त्याची शिडी मी लावली होती. कोन चुकलाय हे दिसत असून मी त्याला चालेल म्हटलं."

साहेब खाली बघायला लागले. मी टेलिफोनच्या खिडकीकडे बघितलं, तर तिथे कुणी नव्हतं. फोनवाला बाहेर आला होता, काठी टेकत, ओल्या फरशीवरून सावकाश. तो फुटलेल्या गोणीपाशी थांबला, त्याने तिच्याकडे बघितलं, मग बाबांकडे.

"आज सांगतोस होय रे," तो म्हणाला. "मी शेजारीच उभा होतो. मलाही दिसत होतं. तू हात पुढे धरलेस, वाकलास, ते मी बघितलं होतं."

"मग चढलास कशाला?"

"तू चालेल म्हणालास म्हणून."

बाबा रडतील असं मला वाटलं. फोनवाल्याने त्यांना तेवढा वेळ दिला नाही. त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि पोरांकडे वळून ओरडला, "बघत काय बसलात? वाळू झाडा. शिडी उचला. बाराचा चौथा हिस्सा किती?"

"तीन!" वीस पोरं एकदम ओरडली.

पोरांनी शिडी लावली. पाय भिंतीपासून तीन मीटर. फोनवाला एका पोराच्या खांद्याचा आधार घेत शिडीच्या पायाशी आला, बुटांची टोकं टेकवली, होईल तेवढा ताठ उभा राहिला आणि दोन्ही हात समोर धरले. तळवे पायरीवर पोचले.

"चालेल," तो म्हणाला. "चढ. पाय मी धरतो."

पन्नाशीनंतर प्रशिक्षकाने शिडी चढू नये असं कुठल्यातरी पत्रकात असणारच, कारण साहेबांनी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी ते मिटलं. बाबांनी एकदा शिडीकडे बघितलं, एकदा तिच्या पायाशी उभ्या असलेल्या माणसाकडे. नेहमीसारखं त्यांनी स्वतः हात पसरून काही तपासलं नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि चढायला लागले.